सवय, दुखणं आणि मधला एक क्षण

आजची सुरुवात एका छोट्या कृतीने करू. बसल्या जागी हाताची घडी घाला, नेहमी घालता तशी. कुठला हात वर आला ते पाहा. आता घडी सोडा आणि उलटी घाला, म्हणजे नेहमी खाली असणारा हात वर घ्या.

क्षणभर गोंधळ झाला ना? कुठला हात कुठे न्यायचा तेच कळेना. आणि घडी जमली तरी ती 'चुकीची' वाटते. खरं तर दोन्ही घड्यांत बरोबर-चूक असं काही नाही. एकीची सवय आहे, दुसरीची नाही, एवढंच. पण आतून आलेला निकाल 'सवयीचं आहे' असा नव्हता, 'बरोबर आहे' असा होता. सवय आपल्याला सवय म्हणून जाणवत नाही, ती बरोबर म्हणून जाणवते. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती आहे.

शरीर आणि मन यांचा संबंध हा विषय निघाला की चर्चा लगेच मोठ्या शब्दांकडे जाते. आज आपण तो जमिनीवर ठेवू. पाश्चात्त्य देशांत गेल्या सव्वाशे वर्षांत हालचालीच्या आणि स्पर्शाच्या काही उपचारपद्धती उभ्या राहिल्या. त्यांनी हा संबंध नेमका कुठे शोधला, आणि त्यातलं काय टिकलं, एवढंच पाहायचं आहे.

हे पाहायची गरज का, तर जुनाट पाठदुखीवाल्या माणसाची आपल्याकडे दोन टोकांमध्ये ओढाताण होते. एक टोक म्हणजे 'मणक्यात गॅप आलाय, वाकू नका, उचलू नका.' दुसरं टोक, रिपोर्ट नॉर्मल आला की घरातूनच ऐकू येतं, 'काही नाही, मनाचे खेळ आहेत.' पहिल्या वाक्याने माणूस घाबरतो, दुसऱ्याने अपमानित होतो. आणि दुखणं दोन्हीकडे तसंच राहतं.

पहिल्या टोकाबद्दल एक आकडा सांगायला हवा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत दिसली. म्हणजे झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं नाही. मग दुसरं टोक खरं का? तेही नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, आणि ती सापडण्यामागे एका नटाची कहाणी आहे.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर. जन्म १८६९, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट. शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणं हा त्याचा व्यवसाय. आणि नेमका आवाज बसू लागला. डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली. विश्रांतीने आवाज सुधारला, पण कार्यक्रम अर्धा होतो न होतो तोच पुन्हा घोगरा. अलेक्झांडरने सरळ तर्क लढवला. सुरुवातीला आवाज चांगला होता आणि कार्यक्रमात बिघडला, म्हणजे बोलताना मीच काहीतरी करतोय. काय करतोय, ते मात्र डॉक्टरांना सांगता येईना.

मग तो आरशासमोर उभा राहिला. साधं बोलताना काही दिसलं नाही. उतारा म्हणायला लागल्यावर तीन गोष्टी दिसल्या. डोकं मागे खेचलं जातं, स्वरयंत्र खाली दाबलं जातं आणि श्वास तोंडाने आवाज करत आत ओढला जातो. नीट पाहिल्यावर साध्या बोलण्यातही तेच सापडलं, फक्त कमी प्रमाणात.

उपाय सोपा वाटेल. डोकं मागे जातंय, तर पुढे घ्या. त्याने तसं केलंही. आता पुढे घेतलंय अशी त्याची खात्री होती. खात्री करून घ्यायला त्याने आणखी आरसे लावले, आणि त्यांत दिसलं की डोकं अजून मागेच जातंय! जाणीव एक सांगत होती, आरसा दुसरंच. आपली ती हाताची घडी आठवा. वर्षानुवर्षं जे केलं तेच बरोबर वाटतं, म्हणून 'बरोबर वाटेल तसं' करायला गेलं की माणूस जुनंच करतो. 'ताठ बस' म्हटल्यावर मूल दोन मिनिटं छाती काढून बसतं आणि पुन्हा पोक काढतं, त्याचं कारणही हेच. त्या ताठ बसण्यात जुना ताण गेलेला नसतो, त्यावर नवा चढलेला असतो.

अलेक्झांडरचा खरा शोध याच्या पुढचा आहे. त्याच्या लक्षात आलं की मान बोलताना आखडते असं नाही, बोलायचा विचार आला की लगेच आखडते. तोंडातून शब्द फुटायच्या आधीच तयारी झालेली असते. म्हणून त्याने दुरुस्ती हालचालीत केली नाही, तिच्या आधीच्या क्षणात केली. बोलायचं मनात आणायचं आणि लगेच बोलायचं नाही. थांबायचं. मान मोकळी राहू दे, असं मनाशी म्हणायचं. मग बोलायचं, किंवा बोलायचंच नाही, किंवा हात उचलायचा. निवड खुली ठेवायची. या थांबण्याला त्याने 'इनहिबिशन' म्हटलं. आपण 'आवर' म्हणू.

शरीर-मनाचा सांधा त्याला सापडला तो इथे, इच्छा आणि कृती यांच्या मधल्या क्षणात. १९०४ साली तो लंडनला गेला आणि १९५५ साली मृत्यू होईपर्यंत शिकवत राहिला. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्याचे विद्यार्थी होते आणि त्याच्या तीन पुस्तकांना त्यांनी प्रस्तावना लिहिल्या. सवयीवर आयुष्यभर विचार केलेल्या माणसाला या नटाकडून शिकावंसं वाटलं, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरा माणूस मोशे फेल्डनक्राइस. जन्म १९०४, आजच्या युक्रेनमध्ये. किशोरवयात पॅलेस्टाइनला गेला, पुढे पॅरिसमध्ये भौतिकशास्त्र शिकला, जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि शिवाय जूडो शिकवला. फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा त्याला पुढे फार छळू लागला. शस्त्रक्रियेची हमी कोणी देईना, म्हणून तो स्वतःच्या चालण्याचा अभ्यास करायला बसला. त्यातून १९४९ साली पहिलं महत्त्वाचं पुस्तक आलं आणि पुढे तेल अवीवमध्ये शेकडो धडे तयार झाले.

त्याच्या धड्यांत लोक बहुधा जमिनीवर झोपून अगदी लहान, अगदी सावकाश हालचाली करतात. बघणाऱ्याला वाटावं, हा कसला व्यायाम! त्यामागचा हिशोब भौतिकशास्त्रज्ञाचा आहे. डोक्यावर धान्याचं पोतं असताना कोणी वर मूठभर धान्य टाकलं तर कळणार नाही. पण रिकाम्या तळहातावर एक दाणा पडला तरी कळतो. जोर जितका जास्त, तितकी बारीक फरक ओळखण्याची क्षमता कमी. आणि फरकच कळला नाही तर शिकणार काय? म्हणून जोर कमी करायचा. झोपायचं ते यासाठी की उभं राहण्याचं काम थांबलं की त्या कामाच्या सवयीही थोड्या सैल पडतात.

एक नमुना करून पाहू. मान दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर नुसतं ऐका. आरामात बसा. डोकं सावकाश उजवीकडे वळवा, ताण न देता जाईल तेवढंच, आणि भिंतीवरची एक खूण लक्षात ठेवा. मध्ये या. आता डोकं उजवीकडे थोडंसं नेताना डोळे मात्र डावीकडे न्या. लहान हालचाल, पाच-सहा वेळा, श्वास न रोखता. थांबा. आता नेहमीसारखं वळून पाहा. बऱ्याच जणांची नजर आधीच्या खुणेच्या पुढे जाते. एका मिनिटात स्नायू काही लांब झाले नाहीत. डोळे आणि मान यांची कायमची बांधलेली मोळी थोडी सुटली आणि मज्जासंस्थेला एक नवा पर्याय दिसला. फेल्डनक्राइसच्या मते सगळं शिकणं असंच होतं. म्हणूनच त्याच्याकडे येणाऱ्यांना तो रुग्ण म्हणायचा नाही, विद्यार्थी म्हणायचा.

आता वेगळ्या वाटेने गेलेल्या दोघांकडे वळू. मनोविश्लेषक विल्हेल्म राइख म्हणाला की माणूस दडपलेल्या भावनांचं चिलखत स्नायूंमध्ये घालून फिरतो. जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आयडा रॉल्फ यांनी स्नायूंवरच्या आवरणाला, म्हणजे फॅशियाला, हातांच्या दाबाने नवा आकार देण्याची दहा सत्रांची पद्धत उभी केली. आज 'आघात शरीरात साठून राहतात, ते दाबून मोकळे करू' अशा जाहिराती दिसतात, त्यांच्या मुळाशी हे विचार आहेत.

इथे मात्र जपून बोललं पाहिजे. भीतीने खांदे वर चढतात, पोट आवळतं, श्वास उथळ होतो, हे खरं आहे. कोणी प्रेमाने पाठीवर हात ठेवला की डोळ्यांत पाणी येतं, हेही खरं. पण त्यावरून आठवण त्या स्नायूत पुरलेली होती, असं सिद्ध होत नाही. फॅशियाचंही तसंच. रॉबर्ट श्लाइप या स्वतः रॉल्फिंग करणाऱ्या संशोधकाने २००३ साली मांडलं की सत्रात हाताखाली लगेच जाणवणारा सैलपणा ऊतींचा आकार बदलल्याने आलेला नसावा. दाबाची खबर मज्जासंस्थेपर्यंत जाते आणि तीच स्नायूंचा ताण कमी करते, हे स्पष्टीकरण त्याला जास्त पटतं. म्हणजे फिरून आपण शिकण्यावरच आलो.

यात एक धोकाही आहे. 'तुमच्या दडपलेल्या रागामुळे तुमची पाठ दुखते' असं सांगणं म्हणजे दुखणाऱ्या माणसावर वर आणखी अपराधाचं ओझं ठेवणं. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांपेक्षा हे फार वेगळं नाही, फक्त भाषा गोड आहे.

मग पुरावा काय सांगतो? २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडमधल्या ५७९ पाठदुखीच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांना वर्षानंतर चार आठवड्यांत साधारण २१ दिवस दुखत होतं. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांत त्यापेक्षा १८ दिवस कमी, सहा धडे घेतलेल्यांत १० दिवस कमी आणि मसाज घेतलेल्यांत ७ दिवस कमी. मसाज दुसऱ्याने करायचा असतो, धडा आपण घरी घेऊन जातो. फरकाचं एक कारण हे असू शकतं.

दुसरी बाजूही सांगतो. असे धडे 'खोटे' देऊन तुलना करता येत नाही, त्यामुळे शिक्षकाने दिलेल्या वेळेचा आणि आपुलकीचा वाटा वेगळा काढणं अवघड. ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०१५ च्या आढाव्यात या तिन्ही पद्धतींना ठोस म्हणावा असा पुरावा मिळाला नाही. आणि लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. तिथे सवयीची चर्चा करत बसायचं नाही.

तर ती तिसरी जागा कुठली? सगळंच नाही, पण बरंचसं जुनाट दुखणं नुसती मोडतोडही नसतं आणि कल्पनाही नसतं. त्यात शिकलेल्या गोष्टींचा वाटा असतो. शिकलेलं म्हटलं की तो दोष राहत नाही, कारण सवय कोणी ठरवून लावून घेत नाही. आणि जे शिकलं ते बदलू शकतं, सावकाश का होईना.

जाता जाता घरचा अभ्यास. उद्या दिवसभरात फोन वाजेल तेव्हा लगेच हात पुढे करू नका. एक रिंग जाऊ द्या. त्या एका रिंगमध्ये मान काय करते, श्वास थांबतो का, एवढं पाहा. सुधारायला जाऊ नका, फक्त पाहा. अलेक्झांडरला आरशासमोर उभं राहून जो क्षण सापडला, तो तुम्हाला तिथेच भेटेल.