फ्लॉपीतली मराठी

सकाळी ७:००

जुलै महिना आहे, रात्री पाऊस होऊन गेला आहे. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत माझी खोली आहे. ती उघडली की आधी कपाटातले हवाबंद डबे बघायचे. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी असते. खडे निळे असले तर डबा कोरडा, गुलाबी झाले तर दमट. आज तीन पुड्या गुलाबी निघाल्या. त्यातले खडे जुन्या तव्यावर मंद आचेवर ठेवले आणि इन्व्हर्टरचं पाणी तपासलं. दिवसाची सुरुवात रोज अशीच होते.

या कपाटात संगणकावरच्या मराठीचा पहिला काळ ठेवलेला आहे. सव्वापाच आणि साडेतीन इंची फ्लॉपी आहेत, देवनागरी स्टिकर लावलेले कीबोर्ड आहेत, सॉफ्टवेअरच्या छापील पुस्तिका आहेत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायची ‘लॉक’ही आहेत. ती खोचल्याशिवाय त्या काळातली कित्येक मराठी सॉफ्टवेअर चालतच नसत. लेटरप्रेसचे खिळे मोडीत गेले आणि छापखान्यात संगणकावर पानं जुळवणारं डीटीपी आलं, तो काळ इथे जपायचा आहे. यंत्र जपणं त्यातल्या त्यात सोपं. त्या यंत्रावर लिहिलेलं पुन्हा वाचता येणं हे खरं काम आहे.

सकाळी ८:३०

आजची खोकी एका शिक्षकांच्या घरून आली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर त्यांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत फिरून लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक निघालं नाही. हस्तलिखित वाळवीनं खाल्लं. उरल्या त्या फ्लॉपी.

पहिली फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली. मधल्या लांबट फटीतून तपकिरी चकती दिसते आणि तिच्यावर पांढरट, नागमोडी रेघा. बुरशी आहे. ही चकती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी वाचकहेडला चिकटेल, हेड चकतीवर ओरखडा काढेल, आणि जिथे ओरखडा पडला तिथला मजकूर कायमचा गेला. म्हणून वरच्या कडेला ब्लेडनं बारीक चीर द्यायची, चकती बाहेर काढायची, तंतू न सुटणाऱ्या कापडावर ठेवायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसायची. बोळा काळपट झाला तर थांबायचं. चुंबकीय थरच सुटायला लागल्याची ती खूण असते. आजचे बोळे फक्त मळकट पिवळे झाले. चकती वाळली, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घातली आणि कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. सव्वापाच इंचीची खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. साडेतीन इंचीचं उलटं असतं. तिथलं भोक उघडं असलं तर ती सुरक्षित.

सकाळी १०:००

ड्राइव्ह थेट संगणकाला न जोडता मध्ये ‘ग्रीझवीझल’ नावाचं छोटं कार्ड लावते. साध्या पद्धतीनं वाचलं तर संगणक ‘वाचता आलं’ किंवा ‘नाही आलं’ एवढंच सांगतो. हे कार्ड चकतीवरचं चुंबकत्व कोणत्या क्षणी उलटलं, त्याच्या वेळा जशाच्या तशा नोंदवतं. अर्थ नंतर लावता येतो. एखादा भाग अंधूक असला तर चकतीचे अनेक फेरे वाचून ते एकमेकांशी ताडून पाहता येतात.

पडद्यावर एकेक ट्रॅक भरत जातो. या फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे एकूण ३६० केबी. आज फोनवरचा एखादा साधा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. पण मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या चमूनं ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला आणि तो १९६० मध्ये पूर्ण काम करू लागला, तेव्हा त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे १० केबी होती. त्यासाठी सुमारे २७०० निर्वात नळ्यांचं यंत्र उभं करावं लागलं होतं. तीसेक वर्षांनी आपल्या गल्लीतला डीटीपीवाला त्याच्या ३६ पट मजकूर पिशवीत घालून छापखान्यात जात होता. संगणकाच्या इतिहासात पहिली गोष्ट लिहिली गेली आहे. दुसरी अजून लिहायची राहिली आहे.

सकाळी ११:३०

फ्लॉपीची प्रतिमा पूर्ण झाली. बाहेरच्या ट्रॅकवरचे दोन सेक्टर खराब आहेत, बाकी सगळं आलं. लगेच एसएचए-२५६ ची बेरीज काढून नोंदवहीत चिकटवली. पुढे एक बिट जरी बदलला तरी ती बेरीज जुळणार नाही.

मग फाइलींची यादी. नावं आठ अक्षरांत कोंबलेली आहेत. काहींवर १९९४ ची तारीख आहे, काहींवर १ जानेवारी १९८०. ही दुसरी तारीख भूकंपाच्याही तेरा वर्षं आधीची. ती लिखाणाची तारीख नव्हे. संगणकातली बॅटरी संपली की घड्याळ त्या दिवसावर जाऊन बसायचं. अशा फाइलींपुढे ‘तारीख अविश्वसनीय’ असं लिहायचं, पण मूळ तारीख पुसायची नाही. कोणाच्या तरी टेबलावर तेव्हा बॅटरी मेलेला संगणक होता, ही माहितीही इतिहासच आहे.

दुपारी १:००

डबा खाल्ला आणि पैठण गेटला गेले. एका जुन्या ड्राइव्हच्या बोर्डावरचा कपॅसिटर गळला आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा मायक्रोस्कोपखाली बघत दहा मिनिटांत तो बदलून देतो. त्याचा जन्म व्हायच्या आधीचा हा बोर्ड आहे. “मॅडम, असं मोठं काम करायला मजा येते,” म्हणाला. हे हात शहरात आहेत म्हणून ड्राइव्ह चालू आहेत. माझ्याकडच्या यादीत अशा कारागिरांची दुकानं वेगळ्या पानावर लिहिलेली आहेत.

दुपारी २:३०

आता मजकूर. पहिली फाइल उघडली तर पडद्यावर टोप्या आणि टिंबं लावलेली रोमन अक्षरं. फाइल धड आहे, पण ती कोणत्या पद्धतीनं लिहिली हे तिच्यावर कुठंही लिहिलेलं नाही. मग आकडे बघायचे.

एका ओळीत सापडलं: २०४, २०७, २१८, १९०, २२०. ही ‘इस्की’ आहे, भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. मराठी. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ म्हणून वाढलं. सी-डॅक १९८८ चं, आणि बहुतेकांना ते १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकामुळे माहीत असतं. पण महासंगणक थोड्यांनी पाहिला. जिस्टचं कार्ड मात्र साध्या पीसीत बसायचं आणि डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये, डीबेसमध्ये देवनागरी दाखवायचं. इस्कीमध्ये ‘क’ म्हणजे १७९, मग लिपी देवनागरी असो, तेलुगू असो वा बंगाली. १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनंही देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. आज फोनवर आपण मराठी लिहितो, त्यातला अक्षरांचा क्रम तिथून आला आहे.

इस्कीची फाइल मिनिटात युनिकोडमध्ये आली. दुसरी मात्र फॉन्टच्या आकड्यांत आहे. विंडोजवर डीटीपी सुरू झालं तेव्हा अक्षरांऐवजी त्यांचे तुकडे साठवले जायचे. अर्धा स, काना, रफार, असे सुटे तुकडे आणि प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा. ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये नेताना ती वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते. रफार उलट दिशेनं मागे आणावा लागतो. दोन-चार आकडे मात्र कशालाच जुळत नाहीत. ते बाजूला काढून ठेवले.

दुपारी ४:३०

ज्यांनी हे टाइप केलं ते आज येणार होते, आलेही. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. आधी खिळे जुळवायचे, नंतर डीटीपीवर बसले. रेकॉर्डर सुरू केला.

“काय शोधायलात, ताई?”

“मामा, हे तीन आकडे. कोणतं अक्षर असेल?”

त्यांनी पिशवीतून चौपदरी घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला. कधीकाळी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, चिकटपट्टीचे डाग अजून त्यावर आहेत. निळ्या शाईत हातानं आखलेल्या चौकटी, डावीकडे जोडाक्षर, उजवीकडे ऑल्ट दाबून मारायचा आकडा. द्ध, द्व, ह्य, श्र. एका चौकटीला लाल गोल होता.

“हा शेतकऱ्यांतला र. याचं बटण नव्हतं. आकडा मारावा लागायचा. घाईत पोरं साधा र मारायची, मग प्रूफात अख्खं पान लाल.”

लाल गोलातला आकडा माझ्या यादीतला होता. तो साध्या अर्ध्या र मध्ये बदलला असता तर मुलाखतींत जागोजागी ‘शेतकर्यांना’ आलं असतं. आज इंटरनेटवर हजारो पानांवर ते तसं दिसतं, कारण मजकूर बदलताना हा एक तुकडा कोणी वेगळा ओळखला नाही. उरलेले दोन आकडेही कागदावर मिळाले.

मामा पुढे बोलत राहिले. बटर पेपरवर प्रिंट कशी काढायची, प्लेट करायच्या आधी चुकलेला शब्द कापून दुसरा कसा चिकटवायचा, वीज गेली की तासाभराचं मॅटर कसं उडायचं. “सेव्ह करायची सवय आम्हाला अंधारानं लावली,” म्हणाले. हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. कागद स्कॅन केला आणि मूळ त्यांना परत दिला. तो त्यांचा आहे.

संध्याकाळी ६:३०

तक्ता दुरुस्त करून फाइल पुन्हा फिरवली. मजकूर उमटला. एक बाई सांगताहेत की भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा झोपली होती. पुढे घरातल्यांची नावं आहेत, एकाखाली एक. मी फक्त तपासण्यापुरतं वाचते. हा मजकूर आधी शिक्षकांच्या घरच्यांकडे जाईल. कोणाची नावं उघड करायची आणि कोणाची नाही, हे ते आणि त्या गावातली माणसं ठरवतील.

रात्री ८:००

दिवसाची शेवटची नोंद. चुंबकीय नोंदींची मूळ प्रतिमा, फाइली, युनिकोड मजकूर, फॉन्ट, बदलाचा तक्ता, मामांच्या कागदाचं स्कॅन आणि त्यांचं बोलणं, सगळं एकाच क्रमांकाखाली. तीन प्रती, त्यातली एक शहराबाहेर. यातलं काहीही सुटं ठेवलं तर उपयोग नाही. फॉन्टाशिवाय फाइल म्हणजे नुसते आकडे, आणि मामांशिवाय फॉन्ट अर्धवट.

दिवाळीची साफसफाई तीन महिन्यांवर आली आहे. तुमच्या माळ्यावर एखाद्या संस्थेचा अहवाल, बंद पडलेलं मासिक किंवा वडिलांचं आत्मचरित्र फ्लॉपीवर असेल. ती भंगारात देऊ नका आणि हाताशी आलेल्या ड्राइव्हमध्ये घालूनही बघू नका. आधी कोरड्या डब्यात ठेवा, वरच्या लेबलचा फोटो काढा, आणि ती कोणी टाइप केली होती ते शोधा. तो माणूस भेटला तर त्याच दिवशी त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. फ्लॉपी अजून काही वर्षं कदाचित तग धरेल, पण टाइप करणारी ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे जायला हवं.