दुखणे कमरेचे, विसर मनाचा

कशेळीचा खाडीपूल ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की काल्हेर लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा, मध्ये कंटेनरांची कोंडी आणि पावसाळ्यात खड्ड्यांची मालिका. पुढे पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे असा हा गोदामांचा पट्टा पसरला आहे. पेढी मुंबईत आणि माल काल्हेरला, असा व्यवहार असलेली कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. मुलुंड, घाटकोपर, ठाणे येथून रोज ये-जा करणाऱ्यांची वर्षानुवर्षे या रस्त्यावर गेली आहेत.

अशा एखाद्या पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पेढीचे वडीलधारे सासष्ट वर्षांचे. तीन वर्षांपासून कंबर दुखते. गाडी खड्ड्यात आदळली की कळ पायापर्यंत जाते. एके काळी कोणता लॉट कोणत्या गाळ्यात आहे हे त्यांना चोपडी न पाहता सांगता येई. आता मात्र एकाच पार्टीला पेमेंटसाठी दोनदा फोन जातो. सकाळी पाहिलेले चलन दुपारी आठवत नाही. धनादेशावर तारीख घालायची राहते. मुलगा प्रथम हळुवारपणे म्हणतो, “पप्पा, सकाळीच तर सांगितलं होतं.” पुढे पुढे स्वरातला हळुवारपणा कमी होतो. घरात कुजबुज सुरू होते, की आता वय झाले, सहीचा अधिकार बदलून घ्यावा. वडील ते ऐकतात आणि अधिकच गप्प होतात.

या घरात सर्वांनी विसरण्याबद्दल विचारले. रात्री झोप लागते का, दुखणे किती आहे आणि मन कशात रमते का, हे मात्र कोणी विचारले नाही. विसराळूपणाचे मूळ अनेकदा याच तीन प्रश्नांच्या उत्तरांत असते.

रोजमेळात नोंद नसेल तर

व्यापारी कुटुंबाला स्मृतीचे कार्य समजावून सांगण्यासाठी वहीचा दाखला पुरेसा आहे. रोजमेळात नोंद झाली, तरच ती पुढे खतावणीत उतरते. मूळ नोंदच राहून गेली असेल, तर खतावणी कितीही चाळली तरी रक्कम सापडणार नाही, आणि त्यात खतावणीचा दोष नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हा क्रम फार पूर्वी मांडला आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. आधी विषयाचे प्राथमिक ग्रहण, मग त्याविषयी जिज्ञासा, मग निश्चय आणि शेवटी ते टिकवून ठेवणे. स्मृती ही धारणेवर उभी असते. अवग्रहच अर्धवट झाला, तर धारणा कोठून होणार?

जुनाट वेदना नेमका हाच पहिला टप्पा बिघडवते. वेदना हा शरीराचा धोक्याचा इशारा आहे आणि इशाऱ्याचा स्वभावच असा, की तो बाकी सारे बाजूला सारून लक्ष स्वतःकडे ओढतो. चटका बसला की हात मागे यावा, यासाठी ही योजना उत्तम आहे. परंतु तोच इशारा महिनोन्‌महिने वाजत राहिला, तर मनुष्याच्या अवधानाचा मोठा भाग त्याच्या पहाऱ्यातच खर्ची पडतो. अवधानाची पुंजी मर्यादित असते. उरलेल्या पुंजीत हिशेब, बोलणी आणि माणसांची नावे भागवावी लागतात.

म्हणूनच अशा व्यक्तीला जुन्या गोष्टी चोख आठवतात आणि नव्या निसटतात. एखादी श्राविका चाळीस वर्षांच्या सरावाने प्रतिक्रमणाचे पाठ अस्खलित म्हणते, पण रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला सांगता येत नाही. पाठ फार पूर्वी, पूर्ण लक्ष देऊन पक्के झालेले असतात. गोळी घेताना मात्र तिचे चित्त गुडघ्याच्या ठणक्यात होते. यात झोपेची भर पडते. दिवसभरात ग्रहण केलेले झोपेत स्थिरावते, आणि वेदनेमुळे रात्रीतून चार वेळा जाग येणाऱ्याची ही रात्रीची खतावणी अपुरीच राहते.

वेदना आणि मन

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 मध्ये केलेली आणि 2020 मध्ये सुधारलेली व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. त्या व्याख्येनुसार वेदना हा शारीरिक संवेदनेबरोबरच भावनिक अनुभवही आहे. आणि दुखते असे सांगणाऱ्याच्या शब्दाचा आदर करावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ‘एक्स-रेमध्ये तर काही नाही’ म्हणून वडिलांचे दुखणे खोटे ठरवणाऱ्या घरांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला, की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते आणि ते किती उघडावे यावर मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही प्रभाव असतो. त्यातील काही तपशील पुढे बदलले. परंतु भीती, चिंता आणि उदासीनता वेदना वाढवतात, तर विश्वास आणि स्वस्थता ती कमी करतात, ही गोष्ट मान्य झाली. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन ही मेंदूतील रसायने वेदना आणि मनोवस्था या दोन्हींशी निगडित आहेत. त्यामुळेच नैराश्यावरील काही औषधे जुनाट वेदनेवरही दिली जातात. डॉक्टरांनी असे औषध लिहिले, म्हणून घरच्यांनी ‘यांना वेडाची गोळी दिली’ असा अर्थ काढू नये.

येथेही तत्त्वार्थसूत्राची आठवण होते. आर्तध्यानाचे जे चार प्रकार तेथे सांगितले आहेत, त्यांपैकी एक वेदनेतून उत्पन्न होतो. पीडा झाली असता तिच्या निवारणाची चिंता अखंड घोळत राहणे, हे त्याचे स्वरूप. वेदना हे असातावेदनीय कर्माचे फळ मानले, तरी चित्ताचे त्या वेदनेत गुंतून पडणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती सोडवण्याजोगी आहे. “कर्मात होते, सोसा” असे म्हणून उपचार टाळणाऱ्याला आर्तध्यानातून बाहेर पडणे अधिकच कठीण जाते.

मेंदू पुन्हा सावरतो

अमेरिकेतील वानिया अपकारियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जुनाट पाठदुखीच्या 26 रुग्णांचे मेंदू-चित्रण प्रसिद्ध केले. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत या रुग्णांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान 5 ते 11 टक्के कमी आढळले. सर्वसाधारण वार्धक्यात इतकी घट होण्यास दहा ते वीस वर्षे लागतात. निर्णय घेणे आणि लक्ष टिकवणे ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांतही ही घट होती.

ही बातमी ऐकून कोणीही खचेल. पण पुढचा अध्याय आशादायक आहे. 2011 मध्ये कॅनडातील संशोधकांनी पाठदुखीवर उपचार झालेल्या रुग्णांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासले. वेदना कमी झाल्यावर कपाळामागील भागातील पातळ झालेला थर पुन्हा जाड झाल्याचे आढळले आणि लक्ष देण्याचे काम करताना त्या भागाचे कार्यही सुधारले होते. रुग्णांची संख्या लहान असली, तरी झालेला बदल कायमचाच असतो ही समजूत त्यामुळे ढळली.

वेळ दवडू नये, याचे कारण 2017 मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सापडते. साठ वर्षांवरील 10,065 व्यक्तींची माहिती सुमारे बारा वर्षे पाहिल्यावर असे दिसले, की सतत वेदना असणाऱ्यांच्या स्मरणशक्तीची घसरण इतरांपेक्षा 9.2 टक्के अधिक वेगाने झाली. वेदना हेच तिचे एकमेव कारण, असे यातून सिद्ध होत नाही. पण दुखणे अंगावर काढण्याची किंमत केवळ कंबर मोजत नाही, हे निश्चित.

विसर कोणता, हे ओळखावे

1961 मध्ये किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांची बुद्धी मंदावल्यासारखी दिसे, पण मूळ आजार नैराश्याचा असे. नैराश्यातील विसराळूपणा बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत जाणवू लागतो; रुग्ण स्वतःच त्याची तक्रार करतो आणि काही विचारले तर “मला नाही आठवत” म्हणून सोडून देतो. खऱ्या स्मृतिभ्रंशात विसर हळूहळू वाढतो, तक्रार घरचे करतात आणि रुग्ण ती नाकारतो किंवा सारवासारव करतो. ही विभागणी ढोबळ आहे. उतारवयातील नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली खूण असते. म्हणून निदान घरी न करता तज्ज्ञांकडून करून घ्यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक तपासणी विसरू नये, ती बी-12 जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरी आणि ग्रामीण अशा 441 पुरुषांची तपासणी केली असता 67 टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. आहारात दूधही कमी झाले, तर उणीव वाढते. पायांची जळजळ, मुंग्या, थकवा, उदासी आणि विसर ही सारी लक्षणे या एका उणिवेतून उद्भवू शकतात, आणि वेळीच लक्षात आल्यास उपाय सोपा व स्वस्त आहे. थायरॉइड आणि श्रवणशक्ती यांचीही तपासणी करावी. जे नीट ऐकूच आले नाही, ते आठवणार तरी कसे?

औषधांचा डबाही एकदा डॉक्टरांपुढे उघडावा. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, तसेच झोपेसाठीची अल्प्राझोलाम यांसारखी औषधे योग्य जागी उपयुक्त असतात. परंतु ज्येष्ठांमध्ये त्यांनी गुंगी आणि गोंधळ येऊ शकतो. मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी कधी कधी विसराळूपणाचे कारण ठरते. ही औषधे मनाने सुरू करू नयेत आणि मनाने अचानक बंदही करू नयेत.

गोदामातील दुसरी कंबर

काल्हेरच्या गोदामात दुखणारी कंबर एकट्या मालकाची नसते. दिवसभर गोणी आणि खोकी वाहणाऱ्या हमालाची मोजणी संध्याकाळी चुकते, तेव्हा त्याच्यावर दुर्लक्षाचा, प्रसंगी लबाडीचाही ठपका येतो. वेदनेने अवधान घटते हा नियम मालकाला लागू आहे, तसा त्यालाही आहे. महाराष्ट्रात माथाडी कायदा 1969 मध्ये झाला. कायद्यापलीकडचा भाग मात्र मालकाच्या विवेकावर सोपवलेला आहे. वजनाची मर्यादा, हातगाडी, विश्रांतीची वेळ आणि मोजणीसाठी दुसरा माणूस या गोष्टी फार खर्चिक नाहीत. अहिंसेचा विचार मुंगीपर्यंत नेणाऱ्या समाजाने तो हमालाच्या पाठीपर्यंतही न्यावा.

घरात आणि पेढीत

सर्वप्रथम, दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले असेल तर त्याच्यावर रीतसर उपचार व्हावेत. केवळ गोळ्यांवर न विसंबता फिजिओथेरपी, बेताचा नियमित व्यायाम, झोपेची शिस्त आणि आवश्यक तेथे समुपदेशन यांची जोड द्यावी. सामायिकाची 48 मिनिटे मांडी घालता येत नसेल, तर खुर्चीवर बसून करावीत. कायोत्सर्गात शरीर शिथिल करून त्याविषयीचे ममत्व सोडण्याचा जो अभ्यास आहे, तो वेदनाग्रस्त चित्ताला विशेष साहाय्यक ठरू शकतो. मात्र तो औषधाच्या सोबतीने करावा.

मनाच्या उपचाराची लाज वाटू नये. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेली ‘आयपीएच’ ही संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ कार्यरत आहे. शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावयाचे आहे. घरातील मेडिक्लेमची पॉलिसी या दृष्टीने वाचून पाहावी.

पेढीत काही साधे बदल करावेत. महत्त्वाची बोलणी, दर ठरवणे आणि सह्या वेदना कमी असण्याच्या वेळी, बहुधा विश्रांतीनंतर ठेवाव्यात. तोंडी निरोपाऐवजी चिठ्ठी द्यावी. एका वेळी एकच काम हाती द्यावे. मोठ्या रकमेच्या धनादेशावर काही काळ संयुक्त सह्यांची व्यवस्था ठेवावी, म्हणजे चुकीला आळा बसतो आणि वडिलांचा अधिकारही राहतो. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांची कामे मन स्वस्थ असतानाच, त्यांच्या इच्छेने पूर्ण व्हावीत.

सहीचा अधिकार काढून घेण्याचा निर्णय मात्र तपासण्या आणि उपचारांचे काही महिने झाल्यावरच घ्यावा. चाळीस वर्षे ज्या माणसाच्या शब्दावर माल सुटला, त्याच्या हातातून वही काढून घेतली, की नैराश्य वाढते आणि त्याबरोबर विसरही. मग घरचे म्हणतात, “बघा, आम्ही म्हणत होतो ना.” उपचारांनंतरही स्मृती घसरतच राहिली, तर जबाबदारी आदरपूर्वक दुसऱ्या खांद्यांवर द्यावीच लागते. परंतु त्याआधी एका संध्याकाळी मुलाने काल्हेरहून परतताना गाडी सावकाश चालवावी, आणि खड्डा ओलांडल्यावर विचारावे, “पप्पा, आज किती दुखतंय?”