जुन्या ट्रॅक्टरची निगा, भाग ७ : रेडिएटरभोवतीचा फोम

गेल्या आठवड्यात रेडिएटरच्या नळ्यांत बसणाऱ्या क्षारांचा विचार केला. या भागाचा विषय रेडिएटरच्या बाहेरचा आहे, आणि गॅरेजमध्ये तो सहसा निघतच नाही. रेडिएटर आणि बॉनेट, किंवा रेडिएटर आणि पंख्याचं काऊलिंग यांच्या मधल्या फटीत फोमच्या पट्ट्या असतात. १९६४ साली आलेल्या मॅसी फर्ग्युसन १३५ सारख्या मॉडेलांत त्या कंपनीनेच बसवलेल्या होत्या. वर्षांमागून वर्षं इंजिनाची धग खाऊन त्यांचा चुरा होतो, किंवा रेडिएटर एकदा दुरुस्तीला उतरला की परत चढवताना त्या राहून जातात. पत्रा खडखडू नये म्हणून लावलेलं ते पॅकिंग, अशी समजूत असल्याने काही राहिलं असं कुणाला वाटतही नाही. माझं म्हणणं असं की या पट्ट्या इंजिन थंड ठेवण्याच्या यंत्रणेचाच भाग आहेत, आणि ट्रॅक्टर गरम होतो म्हणून नवा कोर टाकण्याआधी त्यांच्याकडे पाहायला हवं.

मोटारीला वेगामुळे समोरून आयती हवा मिळते. ट्रॅक्टरला ती जवळजवळ नाहीच. नांगरटीत तो ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो आणि पीटीओवर मळणीयंत्र लावलं की जागचा हलतही नाही. कोरमधून जाणारी सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते. पंखा रेडिएटरच्या मागे असतो. तो जाळीतून हवा घेतो आणि तापलेली हवा इंजिनाकडे फेकतो. त्यामुळे पंख्याच्या मागे दाब वाढतो आणि जाळी व कोर यांच्या मधल्या जागेत तो बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. हवेला कमी दाबाकडे जायचं असतं. फट मोकळी असेल तर इंजिनावरून परतलेली गरम हवा बॉनेटच्या आतूनच वळसा घालून पुन्हा कोरच्या पुढे येते. जाळीवर भुसा चढला की पुढचा दाब आणखी घटतो आणि हा उलटा ओघ वाढतो. म्हणून मळणीत दोन्ही दोष हातात हात घालून येतात, आणि जाळी झाडली की थोडा वेळ काटा खाली येतो. मग खरं कारण झाकलं जातं. काऊलिंगच्या कडेची फट वेगळं नुकसान करते. तिथून पंखा कोर वगळून थेट इंजिनाजवळची हवा ओढतो, म्हणजे तो फिरतो तेवढाच पण कामाची हवा कमी आणतो.

हिशोब मांडून पाहू. विदर्भातली मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश. कोरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते आणि तिचा पाचवा हिस्सा पुन्हा पुढे येतो असं धरू. ही परतलेली हवा फिरून फिरून आणखी तापत जाते आणि कोरच्या तोंडाशी तापमान साधारण साडेबावन्न अंशांवर स्थिरावतं. इंजिनाचा भार आणि पंख्याचा वेग तोच असेल तर आत येणारी हवा जितकी जास्त गरम तितकंच पाणीही जास्त गरम, अंशाला अंश. एरवी ९५ वर राहणारं पाणी मग १०२ च्या पुढे जातं. अर्धा किलो दाबाचं झाकण धड असेल तर ते ११० च्या वरपर्यंत उकळत नाही. पण जुन्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, आणि तेव्हा याच साडेसात अंशांमुळे पाणी बाहेर फेकलं जातं.

पाचवा हिस्सा म्हणजे अतिशयोक्ती, असं कुणी म्हणेल. ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच कोर घ्या. त्याचं तोंड २०२५ चौरस सेंटिमीटर. वर आणि दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटरची फट म्हणजे २७० चौरस सेंटिमीटर, तोंडाच्या तेरा टक्के. शिवाय कोरमध्ये नळ्या आणि फिनांची दाटी हवेला अडवते, फटीत अडवणारं काहीच नाही. ज्याला हिशोबावर भरवसा नाही त्याने वायरवाला थर्मामीटर जाळी आणि कोर यांच्या मधे पक्का बांधावा आणि भाराखाली तिथलं तापमान सावलीतल्या हवेशी ताडून पाहावं.

याहून वजनदार आक्षेप असा, की कित्येक ट्रॅक्टर पट्ट्यांशिवाय वर्षानुवर्षं चाललेत. चाललेत हे खरं. नव्या रेडिएटरची क्षमता गरजेपेक्षा जास्त ठेवलेली असते, म्हणून एखादी उणीव खपून जाते. जुन्या यंत्रात हीच शिल्लक क्षारांनी, वाकलेल्या फिनांनी आणि पंख्याच्या सैल पट्ट्याने आधीच खाल्लेली असते, आणि काम मात्र वाढलेलं असतं. तिफण आणि ट्रॉलीपुरता वापरला जाणारा ट्रॅक्टर आता तासन् तास रोटाव्हेटर ओढतो. यावर थर्मोस्टॅट काढून टाकणं किंवा कोर मोठा करणं हे नेहमीचे उपाय आहेत. थर्मोस्टॅटचं पुढच्या भागात पाहू. मोठ्या कोरबद्दल एवढंच, की फुटलेला पाट न बुजवता मोठी मोटर बसवण्यातला हा प्रकार आहे, आणि खर्च कित्येक पटींनी जास्त. उलट बाजूही मान्य करायला हवी: नळ्याच चोंदल्या असतील तर फोम काही करू शकत नाही, आणि ज्या मॉडेलांत बाजूचे पत्रेच नाहीत तिथे गरम हवा बरीचशी बाहेर निघून जाते, तिथे फायदा कमी दिसेल.

फोम कोणता घ्यावा यात मात्र चूक करू नये. गादीचा स्पंज सहज मिळतो, म्हणून तोच कोंबला जातो. त्याच्या पेशी उघड्या असतात. तो पाणी आणि डिझेल पितो, पत्र्याला गंज आणतो आणि काही काळाने त्याचे तुकडे फिनांत जाऊन बसतात. पाहिजे तो बंद पेशींचा रबर फोम. ईपीडीएम उन्हाला आणि धगीला छान टिकतो, पण तेलाने फुगतो. जिथे डिझेल-ऑइलचा हात लागतो तिथे नायट्राइल बरा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळं इन्सुलेशन बहुतेक वेळा नायट्राइलचंच असतं आणि तालुक्याच्या गावीही मिळतं. मात्र ते सायलेन्सरपासून लांब ठेवावं.

फट कुठे आहे हे यंत्रच सांगतं. जिथून हवा वाहते तिथे रेडिएटरच्या कडेच्या पत्र्यावर धुळीचा आणि बारीक भुश्याचा एक सरळ पट्टा उमटलेला असतो, आणि एखाद-दुसरं कूस फटीत अडकून हवेच्या दिशेला तोंड करून राहिलेलं असतं. इंजिन बंद करून, संध्याकाळी बॉनेट लावल्यावर, कोरच्या मागे टॉर्च ठेवली की उरलेल्या फटी उजेडाने दिसतात. काम करताना आधी बॅटरीची वायर सोडावी. काही मॉडेलांत बॅटरी रेडिएटरच्या पुढेच असते, ती काढली की हात नीट जातो. जुना फोम खरवडून पत्रा थिनरने पुसावा, आणि जागा मोकळी आहे तोवर कोर इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवावा. पट्टी फटीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जाड हवी: वीस मिलिमीटरच्या फटीला सव्वीस-सत्तावीस. याहून जाड घेतली तर बॉनेट लागत नाही आणि सगळा जोर रेडिएटरच्या टाकीवर येतो. रबर सोल्यूशन दोन्हीकडे लावावं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं आणि मगच दाबावं. लावताना पट्टी ओढू नये. ताणलेलं रबर आखडतं आणि कोपरा उघडा पडतो, आणि गरम हवा नेमकी कोपऱ्यातूनच परत येते. कोपऱ्यावरचे जोड तिरके कापून एकमेकांना भिडवावेत. बॉनेट लावून टॉर्चची तपासणी पुन्हा एकदा करावी, आणि पहिल्या मळणीनंतर धुळीचा पट्टा नव्याने उमटलाय का ते पाहावं. उमटला असेल तर त्या जागेपुरती पट्टी बदलली की काम भागतं.