हेड स्टडीचा रविवार

बोरिवली पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हेड स्टडीचा, म्हणजे समोर बसलेल्या माणसाचा चेहरा अभ्यास म्हणून रंगवण्याचा, वर्ग भरतो. आज मॉडेल म्हणून बसलेले काका एरवी स्टेशनबाहेर भाजी विकतात. डोक्यावरचा फेटा मात्र वर्गाचा. खुर्चीच्या पायांभोवती खडूच्या खुणा आहेत; चहाला उठलेले काका परत त्याच कोनात बसायला हवेत.

"डोळे बारीक करून बघा," सर सांगतात. तसं केलं की सुरकुत्या, मिशीचे केस दिसेनासे होतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. बर्न्ट अंबरच्या पातळ रंगात आधी तेवढेच मांडायचे. नवशिक्यांना डोळ्यांतली चमक घालायची घाई. सर त्यांचा बारीक ब्रशच काढून घेतात.

खरी अडचण भावाची. हसू दोन मिनिटांत गोठतं, मग कॅनव्हासवर नुसते दात उरतात. रेम्ब्रांटने 1630च्या सुमारास यावर सोपा उपाय काढला: आरसा. डोळे विस्फारलेला, हसणारा, चिडलेला स्वतःचाच चेहरा त्याने काडेपेटीएवढ्या एचिंगांत कोरला. त्या काळी हॉलंडमध्ये अशा चेहऱ्यांना 'ट्रोनी' म्हणत. व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी त्यांतलीच. ती कोण, याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नव्हतं. 1881 साली हेगच्या लिलावात ते चित्र दोन गिल्डरला गेलं, वर तीस सेंट.

पोर्ट्रेटचं गणित निराळं. चित्रकार वासुदेव कामतांना 2006 साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं ते पत्नीच्या व्यक्तिचित्राला. तिथे समोर कोण बसलंय यालाच मोल. आणि पैसे मोजून काढून घेतलेलं पोर्ट्रेट असेल तर हनुवटीखालची वळी जरा कमी करा, असा निरोप येतोच. काकांच्या वळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. मला तरी हेड स्टडीत चित्रकार जास्त मोकळा वाटतो.

"काका, कांदा काय भाव?" सरांनी मध्येच विचारलं. काकांची एक भुवई वर गेली, ओठ मुडपले. हसायला सांगून जे तासभर जमलं नव्हतं, ते असं सहज आलं. दोघा-तिघांनी ते पकडलं. बाकीचे अजून नाकाशी झटत होते.

शेवटी काका सगळे कॅनव्हास बघत फिरले. एकापाशी थबकून म्हणाले, "हा तर आमचा थोरला भाऊ वाटतोय." पोराचा चेहरा पडला. सरांना मात्र ती भुवई आवडली होती. त्यांनी तो कॅनव्हास बाजूला ठेवायला लावला. उरलेल्यांनी ओला रंग नाइफने खरवडायला घेतला. कॅनव्हास महाग झालाय, पुढच्या रविवारी त्याच्यावरच दुसरं डोकं चढणार.