रस्ता कोणाचा, कचरा कोणाचा?

एखादा नगरसेवक किंवा पंचायत समितीचा सदस्य भर सभेत उठतो आणि खचलेल्या मोरीविषयी, वळणावर वाढलेल्या बाभळीविषयी अथवा गावाच्या वेशीवर साचलेल्या उकिरड्याविषयी प्रश्न विचारतो, तेव्हा सभागृहात पुष्कळदा हसू उमटते. धोरणाच्या व निधीच्या मोठ्या गोष्टी चाललेल्या असताना हा मोरीचे रडगाणे काय गातो, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. वस्तुतः स्थानिक स्वराज्य ही कल्पना जन्माला आली ती याच प्रश्नांसाठी. लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यामागे आपल्या गल्लीची व आपल्या वाटेची काळजी वाहता वाहता लोकांनी राज्यकारभार शिकावा हा हेतू होता. ज्याला मोरीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्याला लोकशाहीची पहिली इयत्ताच अनावश्यक वाटते, असे म्हणावे लागेल.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे या दृष्टीने विचार करण्याजोगे गाव आहे. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्री यांच्या मुलखातील हे तालुक्याचे ठाणे. पुलगाव ते आर्वी अशी अरुंद मापाची रेल्वे १९१७ साली सुरू झाली, ती प्रामुख्याने येथल्या कापसाच्या ओढीने. पुढे ती गाडी बंद पडली आणि माणसांचा व मालाचा सारा भार रस्त्यावर आला. आज खेड्यांतली मुले शाळा-महाविद्यालयासाठी आर्वीला येतात, शेतकरी बाजार समितीत येतो, रुग्ण दवाखान्यात येतो, भाविक कौंडण्यपूरच्या वाटेला लागतो. या सर्वांचा आधार रस्ता हाच. साहजिकच रस्ता नादुरुस्त झाला की शाळा, शेती, औषधोपचार ही सर्वच एका वेळी नादुरुस्त होतात.

ग्रामीण रस्त्यांच्या नियोजनाचा इतिहास विदर्भाला परका नाही. देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद १९४३ च्या डिसेंबरात नागपूर येथेच भरली होती. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी तेथे ठरली, आणि शेतीप्रधान विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. २०१५ पासून राज्याने मुख्यमंत्री ग्रामसडक योजना हाती घेतली. रस्ते झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. प्रश्न आहे तो झालेले रस्ते टिकवण्याचा, आणि ते कोणी टिकवायचे याचा.

येथेच सामान्य नागरिकाची दिशाभूल होते. गावाबाहेर पडताना पहिले दोन फर्लांग नगरपरिषदेचे, पुढला तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, फाट्यावरून वळले की जिल्हा परिषदेचा, आणि शेताकडे जाणारी पांदण महसुली नकाशावरची. खड्डा मात्र एकच असतो. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला या कार्यालयातून त्या कार्यालयाकडे पाठवले जाते, आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारे उत्तर कागदोपत्री खरेही असते! सगळ्यांची उत्तरे खरी आणि खड्डा कायम, अशी ही विचित्र अवस्था आहे. अशा वेळी लोकप्रतिनिधीचे पहिले काम कोणते? निधी आणणे हे नव्हे; तो खड्डा कोणाचा, हे लेखी वदवून घेणे हे होय. एकदा जबाबदारी कागदावर निश्चित झाली की पुढची निम्मी वाट सोपी होते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या स्वभावाची. या मुलखातील काळी भारी माती कापसाला जितकी मानवते तितकी रस्त्याला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पुरेसा थर न देता, दोन्ही बाजूंना नाल्या न काढता वरून डांबर ओतले, तर ते डांबर तिसरा पावसाळा क्वचितच पाहते. रस्त्याचा खरा शत्रू वाहन नसून पाणी आहे, हे जुने मिस्त्रीसुद्धा सांगत. पाणी काढून देणारी मोरी आणि नाली हीच रस्त्याची प्राणवाहिनी. पण उद्‌घाटन डांबराचे होते, नालीचे होत नाही; म्हणून अंदाजपत्रकात नाली असते आणि जागेवर ती नसते.

या नालीपाशीच रस्त्याचा प्रश्न आणि कचऱ्याचा प्रश्न एकमेकांना भेटतात. गावातला कचरा गावाबाहेर टाकला म्हणजे गाव स्वच्छ झाले, ही समजूत अद्याप गेलेली नाही. लग्नसराईतील पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, पन्नी, घरातील केरकचरा हे सारे वेशीजवळच्या उतारावर लोटले जाते. पहिल्या मोठ्या पावसात ते वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी अडकते. पाणी तुंबते, रस्त्यावरून वाहू लागते, कडा पोखरते, आणि तेथे खड्डा पडतो. त्या खड्ड्यात पाणी साचलेले असताना अंधारात एखादा दुचाकीस्वार येतो. कचरा, रस्ता आणि सुरक्षितता ही सभेच्या विषयपत्रिकेवर तीन स्वतंत्र कलमे दिसतात. प्रत्यक्षात ती एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत.

राज्याने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर व ताट-वाट्यांवर बंदी घातली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती रोजच्या सवयीची, आणि त्याहूनही एका भावनेची. ज्या भूमीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, जेथून जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवेचा आश्रम उभारला, ज्या जिल्ह्यात महात्मा गांधींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळच्या सिंदी गावी स्वतःच्या हातांनी घाण उचलली, त्या भूमीत झाडणे हे कोणा एका जातीचे किंवा कोणा एका खात्याचे काम आहे असे मानले जावे, यासारखी दुसरी विसंगती नाही. पुतळ्याला हार घालून परत येताना हाराची पिशवी रस्त्यावरच टाकणारा समाज आपल्या संतांना किती समजला, हे निराळे सांगावयास नको.

सुरक्षिततेचा विषय याहून गंभीर. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच वर्षी २४ जानेवारीच्या रात्री वर्धा जिल्ह्यातील सेलसुरा येथे पुलावरून मोटार खाली कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी प्राणास मुकले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. परंतु एकेकटे मरणारे पुष्कळ असतात आणि त्यांची बातमी दोन ओळींची होते. हंगामात कापूस भरून रात्री निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली, तिला मागे लाल परावर्तक नाही. शाळेसमोर गतिरोधक नाही, आणि जेथे आहे तेथे त्याच्यावर पांढरे पट्टे नाहीत. वळणावर झुडपे वाढून समोरचे दिसत नाही. यांपैकी एकाही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. चुना, कोयता आणि थोडी कळकळ एवढेच लागते.

कायदा आता नागरिकाच्या बाजूने अधिक स्पष्ट झालेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेने, ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न राखणाऱ्या यंत्रणेला व कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश देताना, सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मानले. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातील कलम ४९ प्रमाणे रस्त्यांची देखभाल, दिवाबत्ती व साफसफाई ही नगरपरिषदेची अनिवार्य कर्तव्ये आहेत. ती मेहेरबानी नव्हे.

तथापि हक्क मागणारा कोणीतरी असावा लागतो. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभारही डिसेंबर २०२५ च्या निवडणुका होईपर्यंत काही वर्षे प्रशासकांच्याच हाती होता. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण सकाळी त्याच्या दारात जाऊन ‘भाऊ, आमच्या मोरीचं काय झालं?’ असे कोणी विचारू शकत नाही. तो प्रश्न ज्याला विचारता येतो तोच लोकप्रतिनिधी. त्या काही वर्षांत खेडी आणि लहान शहरे काय गमावून बसली, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

म्हणून मोरीचा प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला हसण्यापूर्वी सुशिक्षितांनी थोडे थांबावे. शिक्षकाला आपल्या शाळेसमोरच्या रस्त्याची स्थिती विद्यार्थ्यांकडून लिहून घेता येईल. कार्यालयातील कारकुनाला अर्ज कोणाकडे जावा हे अडाणी माणसाला सांगता येईल. विद्यार्थ्याला ग्रामसभेत उभे राहता येईल. कामाच्या फलकावर कंत्राटदाराचे नाव आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. प्रधानमंत्री योजनेच्या रस्त्यांसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. तो फलक वाचायला पैसे पडत नाहीत. सभागृहात एकटा पडलेला प्रतिनिधी दोन बैठकांत गप्प होतो. त्याच्या पाठीशी शंभर वाचलेले फलक आणि शंभर लिहिलेले अर्ज असले, तर त्याला गप्प करणे सोपे नसते.

पावसाळा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी तो अचानक आल्यासारखा भासवला जातो. मृगाच्या आधी मोरीचे तोंड मोकळे झाले की नाही, एवढी एक गोष्ट गावाने पाहिली, तरी पुष्कळ रस्ते वाचतील. आणि रस्त्यांबरोबर काही माणसेही वाचतील.