सव्वा महिन्याच्या आतले बाळ

कौमारभृत्य हे अष्टांग आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग. तरीही आपल्या बालतपासणी शिबिरांत नवजात शिशू क्वचितच दिसतो. बेलापुरातील माझ्या चिकित्सालयात येणारी बालके बहुधा तीन महिन्यांपुढची, हसतीखेळती असतात. काही वर्षांपूर्वी अकरा दिवसांचे एक अर्भक रात्री आणले गेले. दोन दिवस ते दूध ओढत नव्हते, अंग गार पडले होते. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून घरच्यांनी वाट पाहिली होती. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले, परंतु बाळ वाचले नाही. शिबिराच्या नोंदवहीत त्याचे नाव कधी लागलेच नव्हते.

नमुना नोंदणी योजनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके वर्षाच्या आत दगावली. त्यांपैकी २० पहिल्या २८ दिवसांतच. बाळ दवाखान्यात येत नाही तोच काळ सर्वाधिक धोक्याचा.

मग रूढीला दोष द्यावा काय? सुश्रुतानेही सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे. ती विश्रांती हितकरच आहे. बाळ येत नसेल तर आरोग्यसेवेने घरी जावे, हे उत्तर महाराष्ट्रातच सिद्ध झाले. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून शासकीय कार्यक्रमांतर्गत आशा सेविका बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरभेटी देतात. सूतिकाकाल जवळजवळ तेवढाच!

वैद्यमित्रहो, गर्भिणी परिचर्येसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची अपेक्षित प्रसूतीची तारीख नोंदवावी. ती माहेरी जाणार असल्यास तेथील आशा सेविकेस आधीच कळवावे. घरातील आजीला धोक्याची लक्षणे समजावावीत: दूध न ओढणे, रडणे क्षीण होणे, अंग गार वा तप्त होणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे. यांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बाळाला सुसज्ज रुग्णालयात न्यावे. आपणही औषधयोजना करीत थांबू नये.

शिबिरास किती बालके आली हे आपण अभिमानाने सांगतो. यापुढे न आलेल्या बाळांचीही एक वही ठेवू या, आणि तीच आधी उघडू या.