तासाला ३.३ मिली

स्ट्रेप्टोकायनेजची बाटली कधी हलवायची नसते. सलाईन काचेच्या कडेनं हळूच सोडायचं आणि बाटली बोटांत धरून गोल फिरवायची. खळखळून हलवली की फेस होतो. कराडच्या एका आयसीयूत रात्री अकरा वाजता सिस्टर हे करत होत्या आणि वहिनी उशांना टेकून बसली होती. आडवं पडलं की तिचा श्वास अडत होता.

वहिनी खटाव तालुक्यातली. लहानपणी घसा दुखायचा, मग सांधे सुजायचे. त्या तापानं हृदयातली डावीकडची झडप आवळत गेली. आठ वर्षांपूर्वी तिथे चित्रा झडप बसवली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं ही घडवली आणि १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. धातूची चौकट, आत प्लॅस्टिकची चकती. चकती मिटली की टक् वाजतं. रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की दादाला ते शेजारून ऐकू यायचं. चार दिवस ते ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांना हे त्यानंच सांगितलं. डॉक्टरांनी बराच वेळ स्टेथोस्कोप ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

अशा झडपेवर रक्त गोठू पाहतं, म्हणून ते पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर. वहिनीचा २.५ ते ३.५ हवा, तो १.२ निघाला. दाढ काढण्याआधी तिला गोळी बंद करायला सांगितलं होतं. ती परत कधी सुरू करायची, हे सांगायचं राहून गेलं. मध्ये तीन आठवडे गेले. रक्ताची तपासणीही हुकली, कारण साताऱ्याला जायचं म्हणजे दोघांचा रोज बुडतो.

घशातून नळी घालून इको केला. चकतीच्या कडेला गुठळी, चकती अर्धीच उघडतेय, झडपेवरचा दाब १८. पाचाच्या आसपास असता तर चाललं असतं. उपाय दोन. छाती पुन्हा उघडायची, किंवा स्ट्रेप्टोकायनेज या औषधानं गुठळी विरघळवायची. पहिल्यासाठी सर्जन, बायपास मशीन, रक्त आणि पैसा हे सगळं एकाच रात्री जुळायला हवं. दुसऱ्याला बाटली, पंप आणि जागता माणूस पुरतो. पण गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. दिल्लीच्या एम्समधल्या १२० रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात या औषधानं दहातले साधारण सहा पूर्ण बरे झाले. डॉक्टरांनी हे लपवलं नाही. दादानं सही केली.

पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा लाख युनिट. पहिल्या अर्ध्या तासात अडीच लाख, मग तासाला एक लाख, म्हणजे ३.३ मिली. पंपाचा दट्ट्या सरकताना दिसतही नाही.

सिस्टर मात्र दर तासाला यायच्या. "ताई, नाव सांगा. दात दाखवा. दोन्ही हात वर." वहिनी आधी संकोचली, मग पहाटे पाय वाजले की आपणच हात वर करून बसायची. कमरेत इंजेक्शन नाही, ब्रश नाही, चूळ भरली की पाण्याचा रंग बघायचा. थंडी वाजून आली तेव्हा पंप थोडा थांबवला, पुन्हा लावला. दुपारी बाराला दुसरी सिरिंज भरली. यंत्र एवढंच होतं. बाकी उपचार म्हणजे कुणीतरी बघत राहणं.

डॉक्टरांनी चहा घेताना सांगितलं, की हे औषध स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या स्रावातून सापडलं, १९३३ साली. वहिनीची मूळ झडप ज्यानं नासली, तो घशातला जंतू याच कुळातला.

शेजारच्या खाटेवर जतचे एक काका होते. त्यांनाही झडप बसवलेली, पण आले होते न्यूमोनियानं. त्यांच्या मुलीनं पिशवीतून शंभर पानी वही काढून दाखवली. तारीख, आयएनआर, अर्धी गोळी की पाऊण, सगळं निळ्या शाईत. दर महिन्याला एसटीनं मिरजेला जाऊन तिनं ती भरली होती. वहिनीनं ती वही चाळली आणि काही न बोलता परत दिली.

चोवीस तासांनी दाब ११. अठ्ठेचाळीस तासांनी ५. पंप काढला, रक्त पातळ ठेवणारं हेपारिन सुरू झालं. त्या रात्री वहिनी आडवी झोपली. दादा खाटेच्या दांडीवर डोकं टेकून बसला होता. मी काही विचारायच्या आत त्यानं बोटानं गप्प राहायची खूण केली.

घरी सोडताना कुणीतरी पाहुणी म्हणाली, "आता मेथी बंद हं, रक्त गोठतं."

वहिनीनं डॉक्टरांकडे पाहिलं. "बंद करते. पण परत चालू कधी करायची, ते आत्ताच सांगा."

"बंदच करू नका," डॉक्टर हसले. "रोज खाता तेवढीच खा."

वाटेत वडूजला तिनं गाडी थांबवायला लावली. शंभर पानी वही घेतली.